एक नळी रायफलची, एक छऱ्यांची: जुनी बंदूक हाती आल्यावर या चुका टाळा

कोकणात परवान्याच्या बंदुका बहुतेक शेतीसंरक्षणाच्या, ठासणीच्या नाहीतर बारा बोअरच्या. वर .२२ रायफल आणि खाली .४१० किंवा २० बोअरची नळी अशी सॅव्हेज मॉडेल २४, किंवा तीन नळ्यांची जर्मन ड्रिलिंग क्वचितच दिसते. पण हाती आली की मालक आधी पॉलिश पेपर शोधतो, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं.

पेपरने गंज जातो, तसं ब्लूइंगही (पोलादावरचा काळसर-निळा थर) जातं आणि नळीवरच्या खुणाही पुसट होतात. नंबर पुसणं हा शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, मग हेतू साफसफाईचा असला तरी उत्तरं देत बसावं लागतं. वरवरच्या गंजाला चार शून्यांची (००००) स्टील वूल आणि भरपूर तेल पुरतं. हात हलका ठेवा, पुसा, पुन्हा तेल लावा. खड्डे पडले असतील तर ते राहू द्या. नळी आखूड करायचा विचार तर मनातही आणू नका, त्यालाही कायद्याची बंदी आहे. वेल्डिंग, नवी फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी खीळ), सोल्डरचा डाग ही कामं परवानाधारक गनस्मिथचीच. गॅरेजवाला कितीही हुशार असला तरी नाही.

विकत घेण्याआधीच दोन गोष्टी पाहा. परवान्यावर दोन्ही नळ्यांचे बोअर लिहिलेत का, आणि त्या बोअरची काडतुसं मिळतात का? बारा बोअर आपल्याकडे रुळलेलं आहे; .४१० किंवा १६ बोअरसाठी दुकानं पालथी घालावी लागतात.

सगळ्यात घातक चूक चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या, लांबीची. जुन्या युरोपीय बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिमीचं असतं आणि त्यात ७० मिमीचं काडतूस अगदी निमूट बसतं. कारण काडतुसावर छापलेली लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. बार उडाला की ते तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब भलताच वाढतो. "बसलं म्हणजे चालतं" हा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो. चेंबर मोजून घ्या. नळीवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळीची) नक्षी दिसली तर आजची काडतुसं त्यात घालूच नका.

मग ढिलेपणा. बंदूक रिकामी करा, दोन्ही चेंबर बोटाने चाचपा, पुढचं लाकूड काढा, नळ्या बंद करून हलवून पाहा. खडखड आली किंवा नळ्यांच्या मागे उजेडाची फट दिसली, तर बार काढायचा नाही.

आता आपल्या खाऱ्या हवेबद्दल. घरोघरी खोबरेल असतं म्हणून तेच चोपडलं जातं. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, जुनं झालं की चिकट होतं आणि फायरिंग पिनच्या भोकात बसतं. बंदुकीचं तेलच वापरा. कातडी म्यान तर पावसाळ्यात ओल धरून ठेवतं. बंदूक म्यानाबाहेर, सिलिका जेलसोबत कपाटात ठेवावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेली बंदूक परत आली की त्याच दिवशी साफ करा. आणि बार काढण्याआधी दोन्ही नळ्यांतून उजेड बघाच, .२२ च्या बारीक नळीत तर जास्तच. कुंभारमाशीला घर करायला बंदुकीची नळी छान वाटते, आणि चिखलाने बुजलेली नळी फुटते.

एक नळी उडते, दुसरी उडत नाही अशी तक्रार नेहमीची. आधी सिलेक्टर, म्हणजे कोणती नळी उडवायची ते ठरवणारी कळ, बघा. सॅव्हेजमध्ये तो जुन्या बंदुकांत बाजूला आणि नंतरच्यांत घोड्यावरच असतो. अर्धवट सरकला तर भलतीच पिन मार खाते. सिलेक्टर ठीक असेल तर पिनच्या भोकातलं वाळलेलं ग्रीस, मग थकलेली स्प्रिंग. तपासण्यासाठी .२२ ची नळी रिकामी चाप ओढून ठोकू नका. पिन चेंबरच्या कडेवर आपटते, कडेला खाच पडते आणि पुढे काडतूस अडकतं. डमी काडतूस घाला. खरा बार फुसका गेला तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबा, मगच उघडा.

नेम लावण्याचं काम रेंजवरच. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे नेमबाजीची मोकळीक नव्हे, आणि रानडुकरावर वन विभागाच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही. दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील ही अपेक्षा सोडा. मागची साइट रायफलच्या नळीसाठी लावा. गोळी ज्या बाजूला न्यायची, साइट त्याच बाजूला सरकवायची. पाठोपाठ बार काढू नका. डाग देऊन जोडलेल्या नळ्या तापल्या की सारख्या पसरत नाहीत, आणि गोळी सरकत जाते. मग लोक साइट फिरवत बसतात आणि दुसऱ्या दिवशी थंड बंदूक तिसरीकडेच मारते. प्रत्येक बारानंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. छऱ्यांसाठी पंचवीस-तीस यार्डांवर मोठा कागद लावा, पसारा कुठे पडतो ते बघा आणि त्या नळीने नेम किती वर-खाली धरायचा ते लिहून ठेवा.