प्रोजेक्टमध्ये आकडा उतरवण्याआधी

महाराष्ट्राची साक्षरता किती? एका साइटवर 82.91 टक्के, दुसरीवर 82.34. दोन्हीकडे खाली ‘जनगणना 2011’ असंच लिहिलेलं, आणि दोन्ही आकडे जनगणनेचेच. 82.91 हा 2011 मध्ये आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा, 82.34 हा नंतरचा अंतिम. लिंग गुणोत्तराचंही तेच: तात्पुरतं 925, अंतिम 929. प्रोजेक्टमध्ये अंतिमच घ्या. सगळ्यात वाईट म्हणजे एकाच तक्त्यात एक आकडा तात्पुरता नि दुसरा अंतिम. अशी सरमिसळ दोन साइट्सवरून उचलल्यामुळेच होते.

म्हणून साइट दिसायला कशी आहे हे सोडा, आकडा निघाला कुठून ते शोधा. जनगणनेचा असेल तर थेट जनगणना कार्यालयाच्या साइटवरचा तक्ता उघडा. साइट सरकारी आहे का हे पत्त्यावरून कळतं. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ बघा. तिच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हवं. ही अक्षरं मध्येच येऊन पुढे ‘डॉट कॉम’ असेल तर ती साइट सरकारी नाही. ‘डॉट ओआरजी’ कुणालाही मिळतं, त्यावर भरवसा ठेवू नका.

‘2021 च्या जनगणनेनुसार’ असं वाचलंत की ते पान बंद करा. कोविडमुळे ती जनगणना त्या वर्षी झालीच नाही. तिथला आकडा अंदाज असतो किंवा कुणीतरी मनाने लिहिलेला.

पानावरची तारीखही फसवते, कारण एखादी ओळ बदलली तरी ती नवी होते. मजकुराचं वय आतूनच काढावं लागतं. महाराष्ट्रात 35 जिल्हे असं लिहिलं असेल, तर तो मजकूर 1 ऑगस्ट 2014 च्या आधीचा आहे किंवा तिथून उचललेला. त्या दिवशी पालघर 36 वा जिल्हा झाला. मराठी विश्वकोशालाही हे लागू आहे. त्याचा पहिला खंड 1976 चा. संकल्पना, इतिहास, व्युत्पत्ती यांसाठी तो उत्तमच, पण जुन्या नोंदीतली लोकसंख्या आजची म्हणून देऊ नका.

पाच ठिकाणी तेच लिहिलंय म्हणून ते पक्कं, असंही नाही. त्यातलं एक लांबसं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. शब्दन्‌शब्द तेच वाक्य सगळीकडे आलं, तर ते पाच नव्हेत, एकच स्रोत आहे. विकिपीडियावर लेखापेक्षा तळटीप महत्त्वाची: ती उघडा, वाचा, आणि संदर्भ तिचा द्या. तळटीपच नसेल तर ते विधान घेऊ नका. चॅटबॉटने पुस्तकाचं नाव सुचवलं तर ते ग्रंथालयाच्या यादीत सापडेपर्यंत संदर्भसूचीत लिहू नका. अशी पुस्तकं पुष्कळदा नसतातच.

आकडा वहीत उतरवताना शेजारी तक्त्याचं नाव, वर्ष, ‘अंतिम’ की ‘तात्पुरता’, आणि पान पाहिल्याची तारीख लिहा. पानाची पीडीएफही लगेच जतन करा. तोंडी परीक्षेपर्यंत लिंक बंद पडलेली असू शकते.