आधी वाडगे मांडा: शीआनच्या आंबट-तिखट डंपलिंग सूपची तयारी

कॉर्नफ्लॉवरचा डबा कपाटात परत ठेवा. यादीतलं पहिलं काम हेच. हॉट अँड सावर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाडीवरचं ते तपकिरी, चिकट, चमचा उभा राहील असं सूप येतं. हे त्यातलं नव्हे. वायव्य चीनमधल्या शान्शी प्रांतात, शीआन शहरात जे मिळतं त्याचं नाव ‘स्वान थांग श्वेइज्याओ’, म्हणजे आंबट रश्शातली, पाण्यात उकळलेली डंपलिंग. रस्सा पाण्यासारखा पातळ, वर मिरचीच्या तेलाचा लाल तवंग, त्यावर तीळ आणि कोथिंबीर. हे सूप कुठल्याच पातेल्यात तयार होत नाही. वाडग्यात व्हिनेगर, सोया सॉस आणि बाकीचा मसाला घालून ठेवायचा, त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि डंपलिंग सोडायची. अर्धं मिनिट. म्हणूनच सगळी मेहनत त्याच्या आधीची. पहिल्यांदा केलं तेव्हा मी डंपलिंग उकळत्या पाण्यात टाकून मग कोथिंबीर निवडायला बसले होते. जुडी निवडून होईपर्यंत निम्मी फुटली आणि खिमा पातेलंभर पसरला.

आदल्या दिवशी करायचं ते मिरचीचं तेल. ते रात्रभर मुरलं की रंग आणि वास दोन्ही उतरतात, त्यामुळे आयत्या वेळी करण्यात अर्थ नाही. शान्शीतली मिरची लांब, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची असते, म्हणजे आपल्याकडे बेडगीच घ्यायला हवी. 40 ग्रॅम बेडगी आणि झणका हवा असेल तर दोन-तीन संकेश्वरी कोरड्याच, अगदी मंद आचेवर शेकून घ्या आणि भरड वाटा. पाकिटातली तयार पूड नको. ती इतकी बारीक असते की तेल पडताक्षणी जळते. एका जाड स्टीलच्या पातेल्यात भरड मिरची, दोन चमचे तीळ आणि चिमूटभर मीठ काढून ठेवा. काचेचा बोल घेऊ नका, गरम तेलाने तडकतो.

तिकडे या कामाला रेपसीडचं तेल वापरतात. ते मोहरीच्याच घराण्यातलं, म्हणून आपलं मोहरीचं तेल चालतं. मात्र ते धूर निघेपर्यंत तापवून, उग्रपणा जाऊ देऊन मग कोमट करा. रिफाइंड शेंगदाणा तेलही चालेल. 150 मिली तेलात एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र आणि पातीच्या कांद्याचे पांढरे भाग टाकून मंद आचेवर ठेवा. कांदा तपकिरी झाला की सगळं गाळून काढा आणि तेल पुन्हा तापवा. आता ते मिरचीवर एकदम ओतायचं नाही, तीन हप्त्यांत ओतायचं, मधे मिनिटभर थांबून. पहिल्या, सगळ्यात गरम तेलाने खमंग वास सुटतो. पुढच्या दोन, जरा निवलेल्या हप्त्यांत रंग आणि तिखटपणा उतरतो. आधी मिरचीचा एक कण तेलात टाकून बघा. चुरचुरला तर ठीक, काळा पडला तर गॅस बंद करून थांबा. जळलेली मिरची कशानेही सुधारत नाही, टाकूनच द्यावी लागते. शेवटी चमचाभर व्हिनेगर घाला. सगळं फसफसून वर येतं आणि वास एकदम बदलतो. खिडकी उघडी ठेवा, घरातले खोकतील.

व्हिनेगर हा या सूपचा कणा आहे, आणि बाजारहाटात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. चिनी काळं व्हिनेगर दोन नावांनी जास्त मिळतं. एक च्येनच्यांग शहराचं, चिकट तांदळापासून केलेलं, किंचित गोडसर. दुसरं शान्शीच्या शेजारच्या शानशी प्रांताचं. हो, दोन प्रांतांची नावं आपल्या कानाला एकच वाटतात, फरक फक्त सुरांचा. हे दुसरं व्हिनेगर मुख्यतः ज्वारीचं असतं, मुरवलेलं आणि जास्त करकरीत. ज्वारीपासून एवढं खोल चवीचं काही होऊ शकतं याची आम्हा भाकरी खाणाऱ्यांना कल्पनाच नसते. यातलं कुठलंही चालेल. दोन्ही मिळाली नाहीत तर मॉल्ट व्हिनेगर घ्या, कारण तेही धान्याचंच. एक वाटी मॉल्ट व्हिनेगरमध्ये सुपारीएवढा गूळ, एक चक्रीफूल आणि आल्याच्या दोन चकत्या घालून तीन मिनिटं उकळा म्हणजे त्याची धार बोथट होते. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घालू नका, घशाला लागतं आणि मागे चव काहीच राहत नाही. गोव्याचं माडाचं व्हिनेगर मला जिवापाड आवडतं, पण त्याचा फळासारखा आंबटपणा इथे परका वाटतो. ते सोरपोतेललाच शोभतं.

जाता जाता, चिनी भाषेत ‘व्हिनेगर खाणे’ म्हणजे प्रेमात मत्सर करणे. दंतकथा अशी की थांग घराण्याच्या सम्राटाने आपल्या मंत्र्याला उपस्त्रिया देऊ केल्या आणि मंत्र्याची बायको अडून बसली. सम्राटाने तिच्यापुढे पेला ठेवला: मान्य कर, नाहीतर हे विष पी. तिने पेला रिकामा केला. आत व्हिनेगर होतं. थांग काळात राजधानी छांगआन, म्हणजे आजचं शीआनच.

सारणाची तयारी सूप करायच्या दिवशी सकाळी करायची. शीआनच्या जुन्या भागात ह्वेइ मुसलमानांची मोठी वस्ती आहे, त्यांच्याकडे ही डंपलिंग बोकडाच्या किंवा गोमांसाच्या खिम्याची असतात. आपण 300 ग्रॅम मटण खिमा घ्यावा, थोडी चरबी असलेला. अगदी कोरडा खिमा आत गोळी होऊन बसतो. त्याला लागतं ह्वाज्याओचं पाणी. ह्वाज्याओ म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी सेचुआन मिरी, आणि ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे. कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर डब्यात तिरफळं असतीलच. वास जरा वेगळा, पण काम तेच. सात-आठ तिरफळं, आतलं काळं बी काढून, अर्धी वाटी गरम पाण्यात भिजत घाला, गार झाल्यावर गाळा. हे पाणी खिम्यात चमचा-चमचा घालत एकाच दिशेने फेटायचं. खिमा पाणी पिऊन चिकट आणि फुगीर झाला पाहिजे. डंपलिंग चावल्यावर आतून जो रस येतो तो या पाण्याचा. मग सोया सॉस, मीठ, किसलेलं आलं. त्यानंतर 200 ग्रॅम बारीक चिरलेली कांद्याची पात आणि गाजर आधी दोन चमचे तेलात घोळवून शेवटी मिसळा. तेलाचा लेप बसला की भाजीला पाणी सुटत नाही. शाकाहारी सारणासाठी टोफू, भिजवून चिरलेल्या मुगाच्या काचेरी शेवया आणि मीठ लावून घट्ट पिळलेला कोबी. अंडं चालत असेल तर तेही परतून घाला.

पारीबद्दल थोडक्यात. 300 ग्रॅम मैदा, 150 मिली गार पाणी, चिमूट मीठ, अर्धा तास ओल्या फडक्याखाली विश्रांती. मोदकासारखी उकड काढू नका. गरम पाण्याची कणिक वाफेवर छान होते, उकळीत टिकाव धरत नाही. सुपारीएवढ्या लाट्या करून कडेला पातळ आणि मधे जाडसर लाटा. साधारण 45 होतात. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना इथे शिकण्यासारखं फार नाही. अर्धचंद्र मिटायचा, आत हवा राहू द्यायची नाही. पीठ भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना चिकटणार नाहीत अशी मांडा.

आता वाडगे. माणशी एक, रुंद तोंडाचा. प्रत्येकात दोन मोठे चमचे काळं व्हिनेगर, एक मोठा चमचा सोया सॉस, पाव चमचा मीठ, चिमूट साखर, चिमूट पांढरी मिरपूड, चार थेंब तिळाचं तेल. मग सुका जवळा, चमचाभर, कोरडा भाजलेला. तिकडे ‘श्यापी’ नावाचा जो सुका पदार्थ घालतात तो आणि आपला जवळा अॅसिटीस या एकाच वंशातले, त्यामुळे इथे पर्याय शोधत बसायलाच नको, कोळणीकडून आणलेला जवळा थेट घालावा. सुशीसाठी मिळणाऱ्या नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदाचा, तळहाताएवढा तुकडा फाडून टाका. भाजलेले तीळ. मिरचीचं तेल एक ते दोन मोठे चमचे, खालच्या लाल गाळासकट. चिरलेली पात आणि कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवा, ती सगळ्यात शेवटी.

रश्शासाठी दोन वाटा आहेत. एक, डंपलिंग उकळलेलंच पाणी. उत्तर चीनमध्ये ते पचनाला चांगलं मानतात, पण ताटातलं भुरभुरलेलं पीठ झटकायला विसरलात तर ते पिठूळ लागतं. दुसरी, मटणाच्या हाडांची अळणी, हळद न घालता केलेली. मी शेजारच्या गॅसवर अळणीच उकळत ठेवते. माणशी 300 मिली धरा.

सगळं हाताशी आहे हे एकदा बघून घ्या आणि मगच मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी उकळा. एका वेळी 25च्या वर डंपलिंग नको. टाकल्याबरोबर झाऱ्याच्या पाठीने पाणी ढकला, तळाला चिकटू देऊ नका. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी. पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी. असं तीनदा. त्याने पारी फाटत नाही आणि आतला खिमा शिजायला वेळ मिळतो. तिसऱ्या उकळीला ती फुगून वर तरंगतात. उरलेली कच्ची डंपलिंग ताटासकट फ्रीजरमध्ये कडक करून मग पिशवीत भरा. पुढच्या वेळी न वितळवता तशीच उकळीत टाकायची, दोन-तीन मिनिटं जास्त.

माणशी बारा डंपलिंग धरली तर एका घाण्यात दोनच वाडगे भरतात. घरात चौघं असाल तर पहिले दोन वाडगे कुणाचे, हे पाणी उकळायच्या आधी ठरवून टाका.