उड्डाण क्लबसाठी परवडणारे प्रशिक्षण विमान निवडताना

आमच्या विद्यार्थी उड्डाण क्लबने स्वतःचे विमान घ्यायचे ठरवले तेव्हा खरेदी समितीत आम्ही पाच जण होतो, आणि पाचांपैकी एकानेही त्यापूर्वी दुचाकीपेक्षा मोठे वाहन विकत घेतलेले नव्हते. पहिले काही आठवडे आम्ही जाहिरातींतील विमाने किमतीच्या चढत्या क्रमाने मांडण्यात घालवले. तो तक्ता पुढे कधीच उपयोगी पडला नाही, कारण सभासदाला परवडते की नाही हे विमानाच्या किमतीवर नव्हे, तर उड्डाणाच्या एका तासाला येणाऱ्या खर्चावर ठरते.

हा खर्च दोन भागांत मोजावा. विमा, हँगरचे भाडे आणि वार्षिक तपासणी यांचे पैसे विमान जमिनीवर उभे राहिले तरी द्यावेच लागतात. वर्षाला १५० तासांऐवजी ३०० तास उड्डाण झाले तर तासामागे त्यांचा भार निम्मा होतो. इंधन, तेल आणि इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठीचा (म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखे करण्यासाठीचा) राखीव निधी हे मात्र तासांबरोबर वाढत जातात, आणि नवखी मंडळी नेमका हा निधीच विसरतात. सेसना १५० मधील कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिनासाठी उत्पादकाने सुचवलेली ओव्हरहॉलची मर्यादा १८०० तास आहे, पायपर चेरोकी १४० मध्ये आणि अनेक सेसना १७२ मध्ये असलेल्या लायकमिंग ओ-३२० साठी साधारण २००० तास, तर सेसना १५२ मधील ओ-२३५ साठी २४०० तास. त्यामुळे १९०० तास झालेले ओ-३२० इंजिन असलेले विमान स्वस्तात मिळत असेल, तर विक्रेत्याने ओव्हरहॉलचे बिल तुमच्यासाठी राखून ठेवले आहे असेच समजावे.

चार आसनांचे विमान घ्यावे, असा आमच्यापैकी तिघांचा आग्रह होता. मित्रांना फिरवता येईल, हे त्यामागचे खरे कारण. पण शिकताना विमानात दोघेच असतात आणि सेसना १७२ तासाला सुमारे ३० लिटर इंधन घेते, तेथे १५२ चे २३ लिटरच्या आसपास भागते. दोन आसनी विमानाची खरी अडचण वजनाची आहे. सेसना १५२ चे कमाल उड्डाण वजन ७५७ किलो असते. आम्ही पाहिलेल्या विमानाचे रिकामे वजन ५२० किलो होते आणि वापरण्याजोगे पूर्ण इंधन म्हणजे सुमारे ९३ लिटर, वजनाने ६७ किलो. उरलेल्या १७० किलोंत प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघेही बसायला हवेत. दोघांचे मिळून वजन त्याहून अधिक भरले तर टाकी अर्धवट भरून उडावे लागते, जे धावपट्टीभोवतीच्या सरावाला चालते, पण लांबच्या प्रवासाच्या धड्यात अडचणीचे ठरते. म्हणून सभासदांची वजने आधी कागदावर मांडावीत. हा विषय नाजूक असला तरी तो टाळता येत नाही.

आमची सर्वांत मोठी चूक होता होता राहिली ती एका अत्यंत देखण्या विमानामुळे. रंग नवा, आसने नवी, आणि ओव्हरहॉलनंतर चौदा वर्षांत इंजिन जेमतेम ६०० तास चाललेले. आम्हाला हे कमी तास म्हणजे वरदान वाटले. सुदैवाने तपासणीसाठी आम्ही असा मेकॅनिक नेमला होता, ज्याने ते विमान पूर्वी कधीही हाताळलेले नव्हते. त्याने ऑइल फिल्टर कापून उघडला, तर घड्यांमध्ये धातूचे चमकते कण सापडले. लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर असतो; विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते, पृष्ठभागाला गंज चढतो आणि पुन्हा इंजिन सुरू झाल्यावर तो भाग झिजू लागतो. शिवाय लायकमिंगच्या शिफारशीत तासांच्या जोडीला बारा वर्षांची मर्यादाही आहे, जी आम्ही वाचलेलीच नव्हती.

अखेर आम्ही घेतली ती १४०० तास चाललेल्या इंजिनाची, रंग उडालेली, पण दर आठवड्याला नियमित उडणारी सेसना १५२. या विमानाचे उत्पादन १९७७ ते १९८५ या काळात झाले, म्हणजे त्यातले सर्वांत नवे विमानही आता जुनेच आहे; तेव्हा वयाला न घाबरता लॉगबुक सलग आहे का, हे पाहावे. उड्डाणयोग्यतेविषयीच्या प्रत्येक सक्तीच्या सूचनेची पूर्तता त्यात तारखेनिशी नोंदलेली असावी. सेसनाच्या बाबतीत आसनांचे रूळ स्वतः हात लावून तपासावेत, कारण रुळांची छिद्रे झिजली तर उड्डाण घेताना आसन मागे सरकू शकते. प्रशिक्षणात वापरलेल्या १७२ मध्ये फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधील भिंतीच्या, पत्र्यावर सुरकुत्या आहेत का, ते पाहावे. नाकाच्या चाकावर आपटलेल्या अवतरणांची खूण तेथेच उमटते. चेरोकी मजबूत आणि क्लबला योग्य आहे, मात्र तिला एकच दार आहे आणि इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचे, ते वैमानिकाला उडताना आठवणीने बदलावे लागते. पायपर टॉमाहॉक स्वस्त वाटली तरी तिच्या पंखांना ११,००० तासांची आयुर्मर्यादा आहे, ती आधी तपासावी.

विमान ताब्यात आल्यावर पहिला वाद झाला तो भाडे कोणत्या मीटरवर आकारायचे, यावर. हॉब्स मीटर इंजिन सुरू असेपर्यंत घड्याळाप्रमाणे चालतो, तर टॅकोमीटरवरचे तास इंजिनाच्या फेऱ्यांनुसार मोजले जातात आणि जमिनीवर मंद गतीत फार सावकाश पुढे सरकतात. हॉब्स मीटरवर आकारणी ठेवल्यास पैसे वाचवण्यासाठी विद्यार्थी उड्डाणापूर्वीची इंजिनतपासणी घाईने उरकतील, अशी आमच्या प्रशिक्षकांना भीती होती. म्हणून आम्ही टॅकोमीटर स्वीकारला आणि तासाचा दर थोडा वाढवून हिशेब जुळवला.