स्टीलचा स्टीम ज्युसर घेताना या चुका टाळा

स्टीम ज्युसर म्हणजे एकावर एक बसणारी तीन भांडी: तळाशी पाण्याचे पातेले, त्यावर रस साठवण्याचे भांडे आणि सर्वांत वर फळांची चाळणी. रसाच्या भांड्याच्या मधोमध शंकूसारखे उघडे नळकांडे असते. त्यातून वाफ चाळणीत चढते, फळे मऊ पडून त्यांचा रस खाली गळतो आणि तो बाजूच्या तोटीला लावलेल्या नळीने बाटलीत काढता येतो. रचना एवढी सोपी असूनही घेणाऱ्याचे लक्ष नेमके चुकीच्या भांड्याकडे जाते आणि पुढे त्याच त्या तक्रारी ऐकाव्या लागतात, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ चाळणीचा आकार पाहून ज्युसर निवडणे. चाळणी मोठी म्हणजे एका वेळी फळे जास्त मावणार, हे खरे; परंतु मऊ फळांना साधारण तासभर आणि सफरचंदासारख्या कडक फळांना दीड तासापर्यंत वाफ लागते, आणि तेवढा वेळ पुरेल इतके पाणी तळाच्या पातेल्यात मावले पाहिजे. पाण्याला प्रत्यक्ष एक किलोवॅट उष्णता मिळत असेल, तर तासाला दीड लिटरहून थोडे अधिक पाणी उडून जाते. त्यातला जो भाग फळांवर थंडावून पुन्हा पाणी होतो, तोही पातेल्यात परतत नाही, रसात मिसळतो. म्हणजे उथळ पातेल्याचा ज्युसर घेतला की मध्येच पाणी घालणे आले, आणि त्यासाठी उकळत्या रसाने व फळांनी भरलेली वरची दोन्ही भांडी उचलणे आले. हे काम एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या मामेबहिणीने असाच एक ज्युसर हौसेने घेतला होता. चाळणी प्रशस्त, पातेले बेताचे आणि बूड पातळ. काळी द्राक्षे गच्च भरून तिने आच मोठी ठेवली, नळीचा चिमटा बंद केला आणि ती दुसऱ्या कामाला लागली. इकडे पाणी आटत गेले आणि तिकडे रस चढत चढत नळकांड्याच्या तोंडापर्यंत आला व त्यातून खालच्या कोरड्या, तापलेल्या पातेल्यात पडू लागला. करपल्याचा वास घरभर पसरला तेव्हा कुठे गॅस बंद झाला. मला बोलावले तोपर्यंत तळाशी डांबरासारखा काळा थर बसला होता, स्टीलवर निळसर-तांबूस झाक आली होती आणि बूड फुगल्यामुळे पातेले शेगडीवर डगमगत होते. झाक आणि थर घासून जातात. फुगलेले बूड पूर्वीसारखे सपाट होत नाही. दोष तिच्या घाईचा होता तितकाच त्या भांड्याच्या मापांचाही होता, हे मात्र तिला दुकानात कोणी सांगितले नव्हते.

यावर माझा उपाय पुस्तकी नाही. नवा ज्युसर घरी आला की फळांशिवाय, नुसते मोजून घेतलेले पाणी पातेल्यात घालून नेहमीच्या आचेवर अर्धा तास वाफ काढावी आणि उरलेले पाणी पुन्हा मोजावे. किती वेळ पाणी पुरेल, हे त्यावरून कळते. पातेल्यात मी स्टीलची एक छोटी वाटी पालथी टाकून ठेवते. तिची खडखड चालू आहे तोवर पाणी उकळते आहे; ती थांबली की उठावे. पाणी घालायचेच झाले तर ते उकळते घालावे, आणि रस नळकांड्याच्या तोंडाच्या बराच खाली असतानाच काढून घ्यावा.

दुसरी चूक चुंबकाची. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, ही समजूत काही केल्या जात नाही. ३०४ प्रतीच्या, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, हे बरोबर आहे. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या, गंजाला लवकर बळी पडणाऱ्या २०१ प्रतीलाही तो चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चे भांडे खोल ओढून घडवलेले असेल, तर त्याच्या वळणांवर चुंबक किंचित ओढला जातो. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला तर चुंबक चिकटलाच पाहिजे. आंबट रसाचा संबंध येतो तो मधल्या भांड्याशी आणि चाळणीशी, म्हणून त्या दोहोंची प्रत लेखी विचारावी आणि चुंबक घरी ठेवावा. बूड मात्र जाड, दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची चकती असलेले असावे. मधले भांडेच ॲल्युमिनियमचे असेल तर ते आंबट फळांसाठी घेऊ नये.

नळीकडे कोणी पाहत नाही. ती खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिकॉनची असावी. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून वास आला, तर रसालाही तो येणार. तोटी भांड्याच्या अगदी तळाशी नसेल तर शेवटचा रस आतच राहतो, आणि तिचा जोड पाण्याच्या चाचणीतच गळतो का ते पाहावे. मुठी हातमोजे घालून धरता येतील एवढ्या मोकळ्या असाव्यात.

उतावळ्यांसाठी दोन शब्द. हा प्रेशर कुकर नव्हे. येथे वाफेला वाट मोकळी असते आणि ती १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. त्यामुळे झाकणावर वजन ठेवून काही साधत नाही, आणि पाणी खळखळून उकळू लागल्यावर आच आणखी वाढवली तर पाणी तेवढे लवकर आटते. फळे डावाने दाबली की रस गढूळ होतो. नितळ रस हवा असेल तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी मिक्सर आणि गाळणीच वापरावी.

शेवटी, तिन्ही भांडी रचून झाकणासह उंची मोजावी आणि शेगडी व तिच्यावरची चिमणी यांच्यामधल्या जागेत चाळणी वर उचलण्यापुरते अंतर उरते का, हे पैसे देण्याआधी पाहावे.