एअर कंडिशनिंगच्या पाठ्यपुस्तकातल्या चुका दुरुस्त करताना : नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

पाठ्यपुस्तकाचं शुद्धिपत्र तयार करायचं काम नव्या माणसाकडे येतं तेव्हा त्याला बहुतेक वेळा इतकंच सांगितलेलं असतं : उदाहरणं सोडवून बघ, उत्तर जुळलं नाही तर नोंद कर. मी हीटिंग आणि एअर कंडिशनिंगच्या पुस्तकांवर हे काम बरीच वर्षं करतो आहे. उत्तर जुळत नाही हे कळणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. चूक नेमकी कुठे आहे, प्रश्नात, तक्त्यात, एककात, छपाईत की सोडवणाऱ्याच्या गृहीतकात, हे ठरवण्यात खरा वेळ जातो. ते न ठरवता केलेली दुरुस्ती पुस्तकात आणखी एक चूक घालून जाते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. प्रश्न असा : कूलिंग कॉइलवरून दर सेकंदाला १ घनमीटर हवा जाते. आत येताना तिचं तापमान ३५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के. बाहेर पडताना १३ अंश आणि ९५ टक्के. कॉइलवरचा भार (हवेतून किती उष्णता काढून घ्यावी लागते तो) काढा. पुस्तकात छापलेलं उत्तर ४३.८ किलोवॉट. विद्यार्थ्यांचं म्हणणं, उत्तर ४०.३ यायला हवं. पुस्तकाची आणि विद्यार्थ्यांची एन्थाल्पी, म्हणजे हवेतली एकूण उष्णता, तपासली तर सारखीच निघते : आत येणाऱ्या हवेची किलोमागे ७१.५ किलोज्यूल, बाहेर पडणारीची ३५.५, फरक ३६. म्हणजे गफलत एन्थाल्पीत नाही, हवेच्या वस्तुमानात आहे. कॉइलमध्ये शिरणारी गरम हवा किलोमागे ०.८९३ घनमीटर जागा घेते, बाहेर पडणारी गार हवा ०.८२२. पुस्तकाने दुसरा आकडा धरला होता, विद्यार्थ्यांनी पहिला. टनात (एसीची क्षमता मोजायचं एकक, सुमारे साडेतीन किलोवॉट) सांगायचं तर साडेबारा आणि साडेअकरा, म्हणजे पूर्ण एका टनाचा फरक.

इथे नव्या माणसाचा हात लगेच उत्तर खोडायला जातो. मी आधी पुढची प्रकरणं चाळली. तीच हवा दोन प्रकरणांनंतर सप्लाय डक्टमध्ये भेटते, आणि तिथे डक्टचं माप काढताना प्रवाह पुन्हा १ घनमीटरच घेतला आहे. लेखकाच्या मनात पहिल्यापासून बाहेर पडणारीच हवा होती, प्रश्नात ते लिहायचं राहून गेलं. मी जर उत्तर ४०.३ केलं असतं तर डक्टमधला प्रवाह ०.९२ करावा लागला असता, मग त्या डक्टमधली दाबघट, मग फॅनची पॉवर, मग पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरं. उलट प्रश्नात ‘कॉइलमधून बाहेर पडणारी हवा’ असं स्पष्ट केलं की सगळं जागच्या जागी बरोबर ठरतं. दुरुस्ती प्रश्नात झाली, उत्तराला हातही लावला नाही.

याच उदाहरणात आणखी एक बारीक गोष्ट आहे. कॉइलवर जमून वाहून जाणारं पाणी आपल्याबरोबर थोडी एन्थाल्पी नेतं, ती पुस्तकाने वजा केलेली नाही. ती आहे सुमारे ०.३५ किलोवॉट, म्हणजे एक टक्क्याहून कमी. ही चूक नाही, हे सोपं करून घेणं आहे, आणि ते चालतं. फक्त ‘पाण्याची एन्थाल्पी दुर्लक्षित केली आहे’ असं एक वाक्य हवं. चूक आणि सोपं करून घेणं यांतला फरक ज्याला कळत नाही त्याचं शुद्धिपत्र फुगत जातं आणि लेखक ते गंभीरपणे वाचेनासा होतो.

आलेल्या तक्रारींत अशाही पुष्कळ असतात ज्या मुळात चुका नसतात, नुसता संकेतांतला फरक असतो. या विषयात असे संकेत ठिकठिकाणी पेरलेले आहेत आणि ते माहीत नसतील तर बरोबर पान तुम्ही चुकीचं करून ठेवाल. दमट हवेची एन्थाल्पी घ्या. सेल्सिअसच्या तक्त्यात कोरड्या हवेची एन्थाल्पी ० अंश सेल्सिअसला शून्य धरतात, फॅरनहाइटच्या तक्त्यात ० अंश फॅरनहाइटला. त्यामुळे ३२ अंश फॅरनहाइटला कोरड्या हवेची एन्थाल्पी पौंडामागे ७.७ बीटीयूच्या (उष्णतेचं ब्रिटिश एकक) आसपास दिसते. किलोमागे किलोज्यूल करण्यासाठी तिला २.३२६ ने गुणलं की १७.९ येतात, आणि सेल्सिअसच्या तक्त्यात त्याच हवेपुढे शून्य लिहिलेलं असतं. दोन्ही तक्ते बरोबर आहेत. एन्थाल्पीतले फरक एका पद्धतीतून दुसरीत नेता येतात, सुटे आकडे नाही.

रेफ्रिजरंटच्या तक्त्यांत हा प्रकार जास्त त्रास देतो. आर-१३४ए साठी काही तक्ते ० अंश सेल्सिअसच्या संपृक्त (उकळायच्या बेतातल्या) द्रवाची एन्थाल्पी २०० धरतात, काही उणे ४० अंशांना शून्य धरतात; त्या दुसऱ्या तक्त्यात ० अंशाला पन्नासच्या आसपासचा आकडा दिसेल. पूर्ण गणित एकाच तक्त्यावर केलं तर सीओपी (खर्च केलेल्या कामामागे किती गारवा मिळतो ते गुणोत्तर) तोच येतो. पण जुन्या आवृत्तीत तक्ता एका ठिकाणचा होता, नव्या आवृत्तीत दुसरा घातला, आणि मधली दोन उदाहरणं जुन्याच आकड्यांवर राहिली, असं घडलेलं मी पाहिलं आहे. ती मात्र खरी चूक, आणि वाईट चूक. कारण कॉम्प्रेसरच्या आधीची एन्थाल्पी एका तक्त्यातली आणि नंतरची दुसऱ्यातली झाली की फरक पूर्ण बिघडतो. नवी आवृत्ती हाती आली की सगळ्यात आधी परिशिष्टातले तक्ते बदललेत का ते बघा. बदलले असतील तर त्यांवर टेकलेलं प्रत्येक उदाहरण पुन्हा सोडवायचं.

डक्ट आणि पाइपमधल्या घर्षण गुणांकाचंही तसंच, तो दोन पद्धतींनी मांडतात. डार्सीचा गुणांक फॅनिंगच्या चौपट असतो. आलेख कुठला आहे हे शीर्षकावरून कळलं नाही तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळीचा ते सांगणारा आकडा) १००० ला आलेख काय दाखवतो ते बघा : ०.०६४ असेल तर डार्सी, ०.०१६ असेल तर फॅनिंग. मग शेजारचं सूत्र त्याच गुणांकाचं आहे का ते तपासा.

आता खऱ्या चुका. फॅरनहाइटमधून सेल्सिअसमध्ये आणलेल्या पुस्तकांत एक चूक इतक्यांदा भेटते की मी तिच्यासाठीच एकदा सगळं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. ‘पाण्याचं तापमान १० अंश फॅरनहाइटने वाढतं’ हा तापमानातला फरक आहे, त्याचे ५.६ अंश सेल्सिअस व्हायला हवेत. कुणीतरी ३२ वजा करणारं सूत्र वापरतं आणि उणे १२.२ येतात. तापमान ‘उणे १२.२ अंशांनी वाढतं’ हे वाक्य संपादकाला खटकतं, म्हणून तो उणे चिन्ह काढून टाकतो. उरतं : ‘१२.२ अंशांनी वाढतं’. वाचायला अगदी साधं वाक्य, कुठेही संशय येणार नाही, आणि त्यावरून काढलेला पाण्याचा प्रवाह निम्म्याहून कमी. मूळ चुकीपेक्षा ही अर्धवट दुरुस्त झालेली चूक जास्त धोक्याची, कारण तिची खूणच पुसली गेलेली असते. म्हणून ‘ने वाढतं’, ‘ने कमी होतं’, ‘इतका फरक’ असे शब्द जिथे असतील तिथे थांबून मूळ आकडा काय असेल याचा उलटा हिशेब करा.

सूत्रांतले स्थिरांकही उलगडून बघायची सवय लावा. सेन्सिबल भारासाठीचा (नुसतं तापमान बदलणाऱ्या उष्णतेसाठीचा) १.०८ हा ०.०७५ गुणिले ६० गुणिले ०.२४ आहे : हवेची घनता, तासातली मिनिटं, हवेची विशिष्ट उष्णता. एका टनाचे तासाला १२,००० बीटीयू म्हणजे २००० पौंड बर्फ, पौंडामागे वितळण्याची १४४ बीटीयू, चोवीस तासांत. हे एकदा स्वतः मांडलं की १.०८ कुठे चालतो आणि कुठे नाही ते आपोआप कळतं. समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण ८४.६ किलोपास्कल असतो. तिथल्या इमारतीच्या उदाहरणात १.०८ तसाच वापरला असेल, किंवा १०१.३ किलोपास्कलचा सायक्रोमेट्रिक चार्ट (दमट हवेच्या गुणधर्मांचा आलेख) जोडला असेल, तर ते उदाहरण चूक आहे. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला समुद्रसपाटीवर किलोभर कोरड्या हवेत ०.००९९ किलो बाष्प असतं, त्या उंचीवर ०.०११९. वीस टक्क्यांचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

छपाईतल्या चुका पकडायला गणितापेक्षा मर्यादा जास्त उपयोगी पडतात. ०.००९९ चं ०.०९९ झालं तर लगेच ओळखता आलं पाहिजे, कारण २५ अंशांना पूर्ण संपृक्त हवेतही ०.०२०१ पेक्षा जास्त बाष्प मावत नाही. वेट बल्ब तापमान (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) नेहमी दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) आणि ड्राय बल्ब (साध्या थर्मामीटरचं तापमान) यांच्या मध्ये असतं. कुठल्याही रेफ्रिजरेशन सायकलचा सीओपी त्याच दोन तापमानांमधल्या कार्नो सायकलपेक्षा (सैद्धांतिक आदर्श सायकल) जास्त असू शकत नाही. फॅनची पॉवर वेगाच्या घनाशी बांधलेली आहे. डिजिटल आवृत्ती करताना वरचा ३ खाली घसरतो आणि घनाऐवजी तिपटीचं सूत्र छापलं जातं. वेग निम्मा केला तर पॉवर एक अष्टमांश येते का, एवढं बघितलं की पुरे. घातांक, उणे चिन्ह आणि दशांशानंतरची शून्यं, या तीन गोष्टींसाठी पुस्तक एकदा वेगळं वाचावं. तेव्हा मजकूर वाचायचा नाही, फक्त चिन्हं बघायची.

आकृत्यांकडे नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात. नेहमीच्या सायक्रोमेट्रिक चार्टमध्ये ड्राय बल्ब आडव्या अक्षावर असतं. मोलिएच्या पद्धतीच्या आकृतीत बाष्पाचं प्रमाण आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्या. एका पद्धतीची आकृती पाहून दुसऱ्या पद्धतीची काढून घेतली की अक्षांची नावं किंवा प्रक्रियेच्या रेषेवरचा बाण उलटा होण्याची शक्यता असते. उदाहरणातले दोन बिंदू स्वतः त्या आकृतीवर मांडा, बाण कुणीकडे जातो ते बघा.

नोंद कशी लिहायची ते थोडक्यात. पान, ओळ किंवा समीकरणाचा क्रमांक, आवृत्ती आणि कितवं पुनर्मुद्रण; काय छापलं आहे; काय हवं; कशावरून; आणि या दुरुस्तीने आणखी कुठे कुठे बदल करावा लागेल. हा शेवटचा भाग लिहिल्याशिवाय मी नोंद पुढे पाठवत नाही. ‘कशावरून’ यात दोन स्वतंत्र मार्ग द्या : एक हाताने सोडवलेला, दुसरा हवेचे आणि रेफ्रिजरंटचे गुणधर्म देणाऱ्या सॉफ्टवेअरवरून किंवा वेगळ्या तक्त्यावरून. चार्टवरून वाचलेल्या आकड्यात अर्धा किलोज्यूल इकडेतिकडे होणारच, तेवढ्यासाठी नोंद करू नका. लेखकाला लिहिताना निकाल देण्याऐवजी विचारा : ‘इथे विशिष्ट घनफळ (किलोमागचं घनफळ) कुठल्या बिंदूचं घेतलं आहे?’ पुष्कळदा त्या उत्तरातच खरी दुरुस्ती सापडते, आणि लेखक पुढच्या वेळी स्वतःहून तुमच्याकडे शंका पाठवायला लागतो. ज्याने शेकडो पानं लिहिली त्याच्याशी या आदराने बोलणं मला आवश्यक वाटतं.

पुनर्मुद्रणात दुरुस्ती बसवायची तर ती शक्यतो तितक्याच ओळींत बसली पाहिजे, नाहीतर मजकूर पुढच्या पानावर सरकतो आणि सूचीतले पानांचे क्रमांक चुकतात. उदाहरणांचे क्रमांक कधीही बदलू नका. शिक्षकांच्या गृहपाठाच्या याद्या त्यांवर चालतात. एखादं उदाहरण पूर्ण बाद करावं लागलं तर त्याच क्रमांकावर दुसरं घाला. शुद्धिपत्रावर तारीख हवी आणि ते एकत्रित हवं, म्हणजे तिसऱ्या पुनर्मुद्रणात दुरुस्त झालेली चूकही त्यात राहायला हवी, कारण पहिल्या छपाईची प्रत वाचनालयातून घेऊन कुणीतरी आजही अभ्यास करत असतं.

जुना झालेला आकडा आणि चुकलेला आकडा वेगळे ठेवा. आर-१३४ए चा जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तापमानवाढीची क्षमता) १४३० छापला असेल तर तो आयपीसीसीच्या (हवामानबदलावरचं आंतरराष्ट्रीय मंडळ) चौथ्या मूल्यांकन अहवालातला आहे. पाचव्यात तो १३०० आहे. शुद्धिपत्रात तो बदलायचा नाही, कुठल्या अहवालातला ते नोंदवायचं, आणि नवा आकडा पुढच्या आवृत्तीच्या यादीत ठेवायचा.

सुरुवात सायक्रोमेट्रीच्या प्रकरणापासून करा. २५ अंश आणि ५० टक्के ही एकच स्थिती हाताने पूर्ण सोडवा : एन्थाल्पी ५०.३, दवबिंदू १३.९, वेट बल्ब १७.९, विशिष्ट घनफळ ०.८५८. हे आकडे पाठ असले की त्या प्रकरणातल्या निम्म्या पानांवर नुसती नजर फिरवूनही काही खटकलं तर कळतं. कूलिंग लोडचं प्रकरण शेवटी घ्या. तिथले जुने सीएलटीडी (भिंती-छतातून येणाऱ्या भारासाठी धरायचा तापमानाचा फरक) तक्ते ४० अंश उत्तर अक्षांश, २१ जुलै, खोलीत २५.५ अंश आणि बाहेरचं सरासरी २९.४ अंश या गृहीतकांवर बेतलेले आहेत, आणि दुसऱ्या परिस्थितीसाठी त्यात दोन पदं मिळवावी लागतात : २५.५ वजा खोलीचं तापमान, आणि बाहेरचं सरासरी तापमान वजा २९.४. या पदांची चिन्हं छापताना उलटी होतात. आकडेमोड करायचीही गरज नाही. खोली आणखी गार ठेवायची म्हटली तर भार वाढायला हवा. सूत्राने तो कमी दाखवला तर चिन्ह उलटं छापलेलं आहे.