ब्रिटनच्या जुन्या जनगणनेत आपला माणूस कसा शोधायचा

कोणाचे पणजोबा बोटीवर खलाशी होते, कोणाचे चुलत आजोबा लंडनला शिकायला गेले ते तिकडेच राहिले, असं बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं आणि मग प्रश्न येतो की याचा काही कागद मिळेल का. इंग्लंड-वेल्समध्ये असतील तर मिळू शकतो, फक्त नाव टाइप करायच्या आधी साल ठरवा, कारण दर जनगणनेत विचारलेली माहिती वेगळी आहे.

तिथे १८०१ पासून दर दहा वर्षांनी मोजणी होते, पण पहिल्या चार वेळा सरकारला आकडेच हवे होते, नावं नाही, त्यामुळे सुरुवात १८४१ पासून करायची. त्या वर्षी पंधराच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो, वय जुळत नाही म्हणून लगेच सोडून देऊ नका. जन्मगाव आणि घरातल्या प्रमुखाशी नातं हे १८५१ पासून मिळतं.

आता आपली नावं. गणकाने कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलं, नंतर इंडेक्स, म्हणजे संगणकावर शोधायची नावांची यादी, करणाऱ्याने ते अक्षर आपल्या परीने लावलं, मग आडनाव कसं सापडणार? म्हणून आडनाव रिकामं सोडा, जन्मठिकाणात इंग्रजीत बॉम्बे, इंडिया, ईस्ट इंडीज असं एकेक टाकून बघा आणि वय दोन-तीन वर्षं मागेपुढे धरा. बॉम्बेत जन्मलेली गोऱ्या शिपायांची, अधिकाऱ्यांची मुलंही ढिगाने येतील, तेव्हा धंदा आणि नातं वाचून गाळत जा. खलाशी असेल तर घराच्या पत्त्यावर शोधून उपयोग नाही, बंदरात उभ्या जहाजांची पानं वेगळी असतात, बंदर आणि जहाजाचं नाव धरून जायचं. सराव करायचा तर १८८१ चा इंडेक्स फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या वेबसाइटवर फुकट आहे.

आणि इंडेक्सवर थांबू नका, मूळ पानाची इमेज उघडाच. विशेषतः १९११ ची, कारण त्याआधी घरोघरच्या फॉर्मवरून गणक वहीत उतरवून घ्यायचा आणि मूळ फॉर्म नष्ट व्हायचे, पण १९११ चे घरच्यांनी स्वतःच्या हाताने भरलेले फॉर्म राहिलेत. त्यात विवाहित बाईसाठी रकाने आहेत, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, वारली किती. काही बापांनी गेलेल्या लेकरांची नावंसुद्धा लिहिली आणि ऑफिसातल्या कारकुनाने ती नियमात बसत नाहीत म्हणून लाल शाईने खोडली, पण खोडलेलं नाव आजही वाचता येतं. इंडेक्समध्ये हे कुठून दिसणार? त्याच जनगणनेच्या रात्री, २ एप्रिलला, बायकांना मताचा हक्क मागणाऱ्या एमिली डेव्हिसन पार्लमेंटच्या इमारतीत कपाटात लपून बसल्या होत्या, आणि त्यांची नोंद तिथलीही आहे आणि राहत्या घरचीही, म्हणजे एकच माणूस दोनदा सापडू शकतो हे ध्यानात ठेवा.

१९२१ ची मोजणी कोळसा खाणींच्या संपामुळे एप्रिलवरून १९ जूनवर गेली. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते तो हा काळ, तेव्हा तिकडे गेलेला विद्यार्थी शोधत असाल तर हीच जनगणना बघा. यात नोकरी कोणाकडे करतो तेही लिहिलेलं आहे. फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर पैसे पडतात, पण लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्हजमध्ये जाऊन फुकट बघता येते, तिकडे कोणी नातेवाईक असेल तर सांगून बघा.

१९३१ च्या मागे लागू नका, इंग्लंड-वेल्सचे ते सगळे कागद १९४२ च्या आगीत गेले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्याऐवजी २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर सरकारने केलेली लोकांची नोंद, बघा, त्यात पूर्ण जन्मतारीख आहे. हयात असू शकतील अशांच्या ओळी झाकलेल्या असतात, पण आपला माणूस वारला असेल तर मृत्यूचा दाखला देऊन ती ओळ उघडून मागता येते.