माळावरचं गवत आत्ताच कापा, कोकरांच्या खुराकाचा खर्च वाचेल

नवरात्राच्या आसपास माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी गवत फुलोऱ्यात येतं आणि तीच कापायची खरी वेळ. पण आपल्याकडे होतं काय, आधी सोयाबीन, मग बाजरी, मग रब्बीची पेरणी असं करत करत दिवाळी उलटते, गवत पिवळं पडतं आणि मग ते कापून गंजी लावली तरी कोकराच्या अंगाला काहीच लागत नाही. फुलोऱ्यातल्या गवतात साधारण ६-७ टक्के प्रथिनं असतात, वाळून काडी झालेल्यात २-३ वर येतात.

कुसळी गवताचं तर आणखी जपा, कुसळं धरायच्या आधीच कापा. नंतर ती लोकरीतून कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात, आणि तोंड दुखणारं कोकरू खाणार काय?

परतीच्या पावसाचा भरवसा नाही, म्हणून सगळा माळ एकदम आडवा करू नका, दोन-तीन दिवसांत वाळेल एवढंच कापा, उलटंपालटं करा, पान हिरवट राहिलं पाहिजे. ओलसर गवताची गंजी आतून तापते, बुरशी धरते, तसलं कोकरांना अजिबात घालू नका. कापताना घाणेरी, गाजर गवत, धोतरा वेचून बाजूला काढा. घाणेरी वाळली तरी विषारीच असते, कावीळ होते.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या गवतावर कोकरू जगतं, वजन धरत नाही. २० किलोच्या कोकराला दिवसाला ७००-८०० ग्रॅम कोरडा चारा-खुराक लागतो, त्यात निम्मं गवत (कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करूनच, नाहीतर निम्मं पायाखाली जातं) आणि ३००-४०० ग्रॅम खुराक. १०० किलो खुराकाला मका भरडा ५५, शेंगदाणा पेंड २५, तूर चुनी १७, खनिज मिश्रण २, मीठ १. शेवरीचा किंवा बोरीचा पाला मिळत असेल तर जरूर द्या, पेंड थोडी कमी लागते.

खुराक एकदम वाढवायचा नाही हो, १०-१५ दिवसांत हळूहळू वाढवा, आणि त्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून उरकून घ्या, कारण नेमकी धष्टपुष्ट कोकरंच आंत्रविषारानं रातोरात जातात. नर कोकरांपुढे स्वच्छ पाणी कायम ठेवा, दाणा जास्त अन् पाणी कमी झालं की मुतखडा होतो. दर पंधरा दिवसांनी वजन करा, रोजची १०० ग्रॅमची वाढ दिसत नसेल तर आधी गवताला बुरशीचा वास येतो का बघा, मग जंत, मग खुराक.